आवाज क्रमांक तीन

मंगळवारी सकाळी साडेसातला मापसाहेबांना घरातलं सगळं ऐकू येत होतं. नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता. खिडकीच्या गजावर एक कबुतर चोच घासत होतं, तेही ऐकू येत होतं. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब रोजच्यासारखे घसा साफ करत होते आणि तो कार्यक्रम तर नको इतका स्पष्ट येत होता. बायको चहाचा कप हातात धरून समोर उभी होती आणि चांगली दोन मिनिटं काहीतरी सांगत होती. ती मात्र ऐकू येत नव्हती.

त्यांना आधी वाटलं, ही गंमत करते आहे. अडतीस वर्षांच्या संसारात तिने असली गंमत कधी केली नव्हती, पण म्हणून काय झालं, माणसाला कधीही काहीही सुचतं. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं, त्यावर फुंकर मारली, पुन्हा घातलं. कप बशीत ठेवल्याचा आवाज टण्णकन आला. बायकोचे ओठ हलले. आवाज नाही.

"जरा मोठ्याने बोल," ते म्हणाले.

ती मोठ्याने बोलली असावी, कारण वरचे वकीलसाहेब खाकरायचे थांबले.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. तेहेतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि त्या तेहेतीस वर्षांत त्यांनी बाजारातले इतके काटे, तागड्या आणि लिटरची मापं तपासली होती की आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. काटा मारणाऱ्या दुकानदाराला त्यांची चाहूल चार दुकानं आधी लागायची. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी एकच वाक्य बोलून दाखवलं होतं, "काट्याला मत नसावं." काट्याने जे समोर ठेवलंय तेवढंच सांगावं, गिऱ्हाइकाला काय हवंय किंवा दुकानदाराला काय परवडतंय याचा विचार करू नये. भाषण तिथेच संपलं. लोकांना वाटलं, पुढे काहीतरी आहे, आणि ते टाळ्या न वाजवता बराच वेळ वाट बघत बसले.

असा माणूस कानाचं मशीन घेतो तेव्हा ते नुसतं घालून मोकळा होत नाही. मशीन पाच आठवड्यांपूर्वी आलं होतं. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने व्हिडिओ कॉलवरून ते फोनला जोडून दिलं, कसलं कसलं खातं उघडलं, आणि म्हणाली, "बाबा, आता घाला." त्यांनी घातलं आणि खोलीतल्या खोलीत दोन पावलं टाकली, तर कोणीतरी मागे चालत असल्याचा भास झाला. त्या त्यांच्याच चपला होत्या. आपल्या चपलांना आवाज आहे हे ते गेली आठ वर्षं विसरून गेले होते. त्या दिवशी ते दिवाणखान्यापासून गॅलरीपर्यंत अकरा वेळा चालले. वर्तमानपत्राचं पान उलटलं की सळसळ व्हायची, मीठ बरणीत ओतलं की पावसासारखं वाजायचं. एवढंसं, शेंगदाण्याएवढं ते यंत्र, आणि त्याने त्यांना सगळं घर परत आणून दिलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. बायकोने ते पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. ते त्यांना तेव्हा ऐकू आलं होतं, पण काय ते आता आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रीतसर परीक्षण सुरू केलं. खुर्ची घराच्या मधोमध, मांडीवर वही, हातात टोकदार पेन्सिल. कोणता आवाज किती अंतरावरून येतो याची नोंद. हे काम एकवीस दिवस चाललं. आता परीक्षणाचा खात्यातला एक नियम होता आणि मापसाहेबांच्या तो हाडीमाशी खिळला होता: काटा तपासताना बोलायचं नाही. दुकानदार तब्येत विचारतो, मुलांची चौकशी करतो, पंखा लावू का म्हणतो; निरीक्षकाने काट्यावरची नजर काढायची नाही आणि हूं की चूं करायचं नाही. एकदा उत्तर दिलं की वजन हलतं, असं त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या एका साहेबांचं म्हणणं होतं. तेव्हा त्या एकवीस दिवसांत बायको येता-जाता जे काही बोलली त्याला मापसाहेबांनी फार तर पेन्सिल वर केली. वहीत एकूण चौऱ्याहत्तर आवाज भरले. बायकोचा आवाज त्यांत नव्हता. घरात भिंती आहेत असं कोणी वहीत लिहीत नाही, तसंच ते.

मग सोमवारी संध्याकाळी फोनवर निरोप आला. "तुमच्या यंत्रात सुधारणा केली आहे. आता तुमचं घर आणखी शांत." खाली एकच बटण होतं, त्यावर लिहिलं होतं, मान्य. अमान्य असं बटण नव्हतं. मापसाहेबांनी मान्य केलं आणि जेवायला बसले.

मंगळवारचा दिवस प्रयोगांत गेला. बायको शेजारच्या खोलीत जाऊन बोलली: नाही. फोन लावून फोनवर बोलली: नाही. एक जुनं गाणं म्हटलं: नाही. पळी कढईवर आपटली, ती इतकी ऐकू आली की मापसाहेब खुर्चीतून उठले. नंतर तिला शिंक आली आणि ती शिंक त्यांना स्वच्छ ऐकू आली, म्हणजे बायको यंत्राला सर्वस्वी नामंजूर नव्हती, बोलणंच नामंजूर होतं. मशीन काढून ठेवलं की ती पूर्वीसारखी भिंतीपलीकडून आल्यासारखी पुटपुटताना ऐकू यायची, पण मग नळ नाही, चपला नाहीत आणि दाराची घंटाही नाही. मशीन घातलं की सगळं जग यायचं आणि ती जायची.

संध्याकाळी तळमजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर चौकशीला आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात मशीनचं मॉडेल विचारलं. ही गंमत एरवी मापसाहेबांनी स्वतःच केली असती. पण त्या क्षणी बायको दोघांकडे आळीपाळीने पाहत होती, आणि तिला काय वाटतंय ते तिने सांगितलं तरी त्यांना कळणार नव्हतं. त्यांनी मॉडेल सांगितलं नाही.

बुधवारी त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आणि इथे पहिला धक्का बसला तो असा की तिथल्या बाईंचा आवाज फोनमधून आलाच नाही, थेट कानात उमटला, मध्ये हवा नसल्यासारखा, मऊ आणि स्वच्छ. चाळीस वर्षांत एवढं सुंदर त्यांना कोणी ऐकू आलं नव्हतं. बायको समोर बसून त्यांचा चेहरा बघत होती. ते थोडे ओशाळले.

"सर, या यंत्राचे खातेदार आपण नाही," बाई म्हणाल्या. "खातं आपल्या कन्येच्या नावे आहे. त्यामुळे आपल्या कानांविषयी मला आपल्याशी बोलता येणार नाही."

"कान माझे आहेत," मापसाहेब म्हणाले.

"त्याबद्दल आमची काही तक्रार नाही, सर."

मग मुलीला फोन झाला. ती मीटिंगमध्ये होती. तिने तिथून सहा आकडे पाठवले, ते मापसाहेबांनी बाईंना वाचून दाखवले, आणि बापाच्या कानांविषयी बापाशी बोलायला लेकीची परवानगी मिळाली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, शांत घर ही सोय नव्या सुधारणेत आली आहे आणि ती बंद करता येत नाही.

"माझ्याकडून बंद होत नाही की तुमच्याकडून?"

"दोन्हीकडून, सर."

"मग कुठून होते?"

"ते वरून ठरतं."

"वर कोण असतं?"

"खरं सांगू का सर, ते आम्हालाही माहीत नाही. आम्हालाही तिथून मेलच येते."

मापसाहेबांनी फोन ठेवला. त्यांना राग यायला हवा होता. पण तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सत्ता समोर आली की ओळखता येते, आणि इथे तर त्यांच्या अंगावर काटाच आला. त्यांनी स्वतः काय केलं होतं जन्मभर? एकेका बाजाराला बसने जायचं, पोत्यांवर चढायचं, धूळ खात एकेक काटा हाताने तपासायचा, त्याला शिशाचं सील लावायचं, आणि तरी पाठ वळली की दुकानदार काटा मारायला मोकळा. आणि हा कोण तो वरचा. त्याने जागेवरून न उठता, एका सोमवारी, कुठल्या कुठे बसून लाखो माणसांच्या कानांतले काटे एकाच वेळी हलवले होते. काय ऐकायचं आणि काय नाही, हे तो ठरवत होता. एवढा मोठा निरीक्षक त्यांनी ऐकलासुद्धा नव्हता. त्यांनी नकळत छताकडे पाहिलं. छतापलीकडे वकीलसाहेब खाकरले.

तेव्हा ओघानेच वकीलसाहेबांकडे जाणं आलं. वकीलसाहेबांनी फोनवरच्या अटी वाचायला घेतल्या. एकूण त्रेसष्ट पानं होती. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला, एखाद्या जुन्या खेळाडूने नव्या पोराचा खेळ बघावा तसा.

"काय बांधलंय हो," ते म्हणाले. "कुठे सुई घालायला जागा ठेवलेली नाही. हे बघा, यंत्र तुमचं. प्लास्टिक, तारा, बॅटरी, सगळं तुमचं. पण यंत्रातली अक्कल त्यांची. ती तुम्हाला वापरायला दिलेली आहे, आणि ती केव्हा कशी बदलायची हे त्यांच्याकडे. आणि इथे तुम्ही मान्य केलंय."

"मी कुठे मान्य केलं? माझ्या मुलीने केलं."

"मुलीने पहिल्यांदा केलं. सोमवारी जेवायच्या आधी तुम्ही केलं."

मापसाहेबांनी उभ्या आयुष्यात न वाचता कागदावर सही केली नव्हती. लग्नाच्या नोंदणीच्या वेळीसुद्धा त्यांनी अर्ज दोनदा वाचला होता आणि सासऱ्यांना घाम फुटला होता. ते जिना उतरून खाली आले तेव्हा कठड्याला धरून उतरले. वकीलसाहेबांचा सल्ला एवढाच होता की दुकानात जा आणि यंत्राचा अहवाल काढून मागा. तेवढा हक्क एकोणपन्नासाव्या पानावर सापडला होता.

गुरुवारी दोघं दुकानात गेली. दुकान म्हणजे काचेचं दार, पांढरं टेबल, भिंतीवर कानाचं आतून दिसणारं मोठं चित्र. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी मशीन एका तारेने संगणकाला जोडलं आणि थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्या बायकोकडे पाहून संकोचल्या.

"यंत्र बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते शिकलंय. या मॉडेलमध्ये तसं असतं. घरात कोणते आवाज होतात आणि वापरणारा माणूस कोणत्या आवाजाला प्रतिसाद देतो, म्हणजे मान वळवतो का, बोलतो का, हे ते बघत राहतं. ज्या आवाजाला माणूस कधीच प्रतिसाद देत नाही, तो त्याला नको आहे असं ते धरतं. नव्या सुधारणेनंतर असे आवाज ते पूर्ण बंद करतं."

हे सगळं मापसाहेबांना ऐकू आलं. छापलेला कागद टेबलावर आला तेव्हा तो त्यांच्याआधी बायकोने उचलला, पर्समधून चष्मा काढला आणि वाचला. मग त्यांच्यापुढे ठेवला.

आवाज क्रमांक एक, फ्रिज. आवाज क्रमांक दोन, छताचा पंखा. आवाज क्रमांक तीन, मानवी, स्त्री, मध्यम पट्टी, दिवसभर. पुढे रकाने होते. प्रसंग, एक हजार नऊशे चौदा. प्रतिसाद, अकरा. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, पार्श्वभूमी.

मापसाहेबांनी तो कागद तीन वेळा वाचला. आकड्यांत चूक शोधायची त्यांची सवय होती. चूक नव्हती. इतका स्वच्छ अहवाल त्यांनी स्वतःही कधी लिहिला नसता.

"यंत्राला पुन्हा शिकवता येतं," तंत्रज्ञ बाई घाईघाईने म्हणाल्या. "काकूंनी बोलायचं. तुम्ही पाच सेकंदांच्या आत त्यांच्याकडे मान वळवून उत्तर द्यायचं. प्रत्येक वेळी. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक फरक पडतो. बहुतेक म्हणते मी, खात्री नाही देत. आमच्या हातात नसतं ते."

घरी परतताना दोघं शेजारी-शेजारी चालत होती. मापसाहेबांना गाड्या ऐकू येत होत्या, कोणाच्या तरी सायकलची साखळी ऐकू येत होती. ती बोलत नाही की बोलते आणि ऐकू येत नाही, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी हळूच वळून पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ते पाहून त्यांना जी भीती वाटली ती सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा वाटली.

घरी आल्यावर त्यांनी बाजू मांडली. "अगं, मी परीक्षण करत होतो. परीक्षणाच्या वेळी बोलत नाहीत. खात्याचा नियम आहे."

तिने अहवाल उलटा केला, त्यांचीच टोकदार पेन्सिल घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: आणि त्याआधीची अडतीस वर्षं?

तिने खाली आणखी लिहिलं: ते अकरा वेळा कोणते?

त्यांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला. सात-आठ तरी जेवायला बसा याला असतील. एक बहुधा तुमचा चष्मा डोक्यावरच आहे याला. बाकीचे सापडेनात. तिने पेन्सिल ठेवली आणि आत गेली.

त्यानंतर चार दिवस ती बोलली नाही. काही हवं-नको ते कागदावर लिहायची: दूध संपलं. बिल भरा. जेवण वाढलंय. तिचं अक्षर गोल आणि सुरेख होतं आणि मापसाहेब एकेक चिठ्ठी दोनदा वाचायचे. घरात चौऱ्याहत्तर आवाज होते, सगळे वहीत होते, अंतरासकट होते, आणि त्यांतल्या एकाचाही काडीइतका उपयोग नव्हता. कबुतर गजावर चोच घासायचं तेव्हा त्यांना त्याला हाकलून द्यावंसं वाटे. ती आपल्याला ऐकू येत नाही, यावर निदान तक्रार करता येत होती, हेल्पलाइन होती, त्रेसष्ट पानं होती. ती बोलायचीच थांबली तर तक्रार कोणाकडे करायची? तिचा आवाज त्यांना हवा होता. एवढं साधं वाक्य, पण ते त्यांनी स्वतःशीसुद्धा पहिल्यांदाच म्हटलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मधोमध ठेवलेली खुर्ची उचलून भिंतीला लावली, गॅलरीतलं लाकडी स्टूल घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशेजारी बसले.

"तू बोल," ते म्हणाले. "मी उत्तर देतो."

तिने कणकेचे हात तसेच धरून त्यांच्याकडे पाहिलं. मग ओठ सावकाश हलवत विचारलं, आणि एवढं त्यांना नुसतं बघून कळलं: ऐकू येत नसताना?

"बघून देतो."

तिने खांदे उडवले, पुन्हा परातीकडे वळली आणि काहीतरी बोलली. मापसाहेबांनी पाच सेकंदांच्या आत मान वळवली आणि म्हणाले, "हो, करतो बंद," आणि उठून गॅस बंद केला. ती तिच्या भावाच्या गुडघ्याविषयी बोलत होती. भाजी अर्धी कच्ची राहिली. पण मान वळली होती आणि उत्तर दिलं होतं, आणि यंत्राला बरोबर-चूक काही कळत नव्हतं, त्याला प्रतिसादाशी मतलब. पहिल्या दिवशी त्यांनी भावाच्या गुडघ्याला चांगली किंमत आहे म्हटलं, शेजारणीच्या लग्नाला उकळून घे म्हटलं, आणि पाणी कधी जाणार याला अभिनंदन केलं. संध्याकाळी ती ओट्याला टेकून हसत होती. आवाज येत नव्हता. नुसते खांदे हलत होते, आणि मापसाहेब ते हसणं तोंड उघडं टाकून बघत राहिले.

हळूहळू नजर बसली. काट्याच्या सुईचा केसभर थरकाप ओळखणाऱ्या डोळ्यांना ओठ काही फार जड गेले नाहीत. आणि जसजसं कळायला लागलं तसतसे मापसाहेब थक्क होत गेले. त्यांची समजूत होती की बायको दिवसभर तेच ते बोलते. ती तेच ते बोलत नव्हती. तिच्याकडे त्या इमारतीतल्या चौदा घरांची चालू हकीकत होती, आणि काल भाग जिथे सुटला होता तिथूनच ती आज सुरू करायची. तिला पडलेलं एक स्वप्न ती तीन दिवस सांगत होती. मापसाहेब ज्या साहेबाला गुरू मानत होते तो माणूस आतून घाबरट होता, म्हणूनच काटा तपासताना बोलत नसे, असं तिचं पंचवीस वर्षांपूर्वीचं मत होतं, आणि विचार केला तेव्हा ते तंतोतंत खरं निघालं.

एक दिवस ती डब्यातून मुठीने तांदूळ काढत होती. त्यांनी आपला जुना काटा आणून तिला मूठ त्यावर रिकामी करायला लावली. पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. तिन्ही वेळी वजन एकच, दोन ग्रॅमही इकडचे तिकडे नाहीत. तेहेतीस वर्षांत त्यांना असं माप भेटलं नव्हतं. त्यांनी तिला आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमचा काटा बरोबर आहे म्हणायचा." आणि तांदूळ धुवायला गेली.

पण त्यांना खरा धक्का बसला तो आठव्या-नवव्या दिवशी. ती पाठमोरी नव्हती, बाजूने दिसत होती, वाटाणे सोलत बोलत होती. मध्येच तिने कुणाला तरी काही विचारलं, क्षणभर थांबली, हनुवटी किंचित वर केली, आणि स्वतःच उत्तर दिलं. मापसाहेबांनी ते ओठ ओळखले. "हं, बघू." ते त्यांचे शब्द होते, त्यांची हनुवटी होती, त्यांची ती थांबण्याची लकबही होती. थोड्या वेळाने पुन्हा तेच: "मला काय विचारतेस, तुला योग्य वाटेल ते कर." या घरात त्यांचं बोलणं त्यांच्यावाचून बिनबोभाट चालू होतं. किती वर्षं, ते विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. ज्या बाईला वर्षानुवर्षं उत्तर मिळालं नव्हतं, तिने त्यांच्या वतीने उत्तरं देऊन त्यांची जागा धरून ठेवली होती. मापसाहेबांनी तिच्या हातातले अर्धे वाटाणे घेतले आणि सोलायला लागले.

इकडे मुलीच्या फोनवर दर आठवड्याला यंत्राचे निरोप जात होते, कारण खातेदार ती होती. "बाबा, तुमचा प्रतिसाद वाढतोय," ती कळवायची. वकीलसाहेब जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले की हल्ली वर तुमचाही आवाज येतो. मग त्यांनी आवाज खाली आणून वकिली इशारा दिला: "आज शिकेल, पण पुढच्या सोमवारी त्या वरच्याला वेगळंच काही सुचलं तर वहिनी पुन्हा गायब. ते तुमच्या हातात नाही, लक्षात ठेवा." मापसाहेब म्हणाले, लक्षात आहे.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, ते स्टुलावर बसून लसूण सोलत होते. बायको त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. ओठ दिसत नव्हते म्हणून ते जरा निवांत होते. आणि एकदम, वाक्याच्या मधूनच, तिचा आवाज आला.

आधी बारीक, नळाच्या धारेत मिसळलेला, मग पुरा. त्यांच्या आठवणीतल्यापेक्षा थोडा खरखरीत होता. वयही झालं होतं त्याला, आणि ते त्यांना माहीतच नव्हतं. हातातली लसणीची पाकळी हातातच राहिली. ती भांड्यांशी बोलावं तसं बोलत होती.

"…एकदा का ते मशीन सुधारलं की संपलं. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा तो पेपर. आणखी महिनाभर नाही सुधारलं तरी चालेल बाई मला."

मग ती वळली आणि त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, "काय झालं? असं काय बघताय?"

तेही ऐकू आलं. शब्द न् शब्द.

मापसाहेबांनी तेहेतीस वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती. त्यापायी त्यांनी दोन बदल्या सोसल्या होत्या आणि एक बढती सोडून दिली होती. ते पाकळीकडे बघत म्हणाले, "काही नाही. काय म्हणालीस? पुन्हा म्हण, नीट दिसलं नाही."

तिने पुन्हा म्हटलं, ओठ सावकाश हलवत.

दुपारी त्यांनी गॅलरीत जाऊन मुलीला फोन केला. तिच्याकडे निरोप येऊन पडला होता: आवाज क्रमांक तीन, महत्त्वाचा. "बाबा, अभिनंदन," ती म्हणाली. "आईला सांगितलंत?" त्यांनी तिला सांगितलं की तूही सांगू नकोस. का, असं तिने दोनदा विचारलं. खातेदार या नात्याने तिला विचारायचा हक्क होता, पण त्यांनी तो मानला नाही.

पुढचे आठ दिवस ते रोज सकाळी स्टुलावर येऊन बसले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मान वळवत राहिले, पाच सेकंदांच्या आत उत्तरं देत राहिले. चौदा घरांच्या हकीकतीत दोन नव्या भानगडी आल्या. भावाचा गुडघा सुधारला. ती मध्ये थांबून त्यांच्या वतीने काही बोलते का, याकडे ते कान लावून असायचे. एकदाही बोलली नाही.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. नळ सुरू होता, ती पाठमोरी होती, आणि हातातल्या पातेल्याकडे बघत, अगदी हळू, पाण्याच्या आवाजाखाली, ती म्हणाली, "ऐकू यायला लागलं ना?"

"हो," मापसाहेब म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

तिने नळ बंद केला. वळली नाही. "केव्हापासून?"

"गेल्या आठवड्यातल्या बुधवारपासून."

"मला गुरुवारीच कळलं," ती म्हणाली. "तुमचं एकही उत्तर चुकेना."

मापसाहेब स्टुलावरून उठायला लागले. उठून काय करणार होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बसा," ती म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला. "अजून सांगून झालेलं नाही."